भिंतीवरचा खिळा

पुण्यात नदीपात्रातील रस्त्याने म्हात्रे पुलाकडे जाताना जी संरक्षक भिंत लागते, तिच्यावर मागच्या वर्षी काही आठवडे एक शब्द होता. काळ्या पट्ट्यावर राखी रंगात काढलेला, सुमारे बारा फूट रुंद आणि चहूबाजूंनी काटे फुटलेला. तो शब्द आहे हेच प्रथम माझ्या ध्यानात आले नाही. कुणीतरी वाळलेल्या बाभळीची फांदी रंगवली असावी असे वाटले. नंतर एकदा पुढची वाहने खोळंबल्यामुळे त्या भिंतीसमोर पाच-सात मिनिटे थांबावे लागले, तेव्हा काट्यांमागे शिरोरेषा दिसली आणि मग एकेक अक्षर सुटे होत गेले : ‘खिळा’. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यावर पांढरा रंग फासला गेला आणि त्या पांढऱ्यावर स्वच्छतेचे एक घोषवाक्य उमटले, ज्यात ‘स्वच्छ’ हा शब्द ‘स्वछ’ असा लिहिलेला होता. शेजारच्या खांबावर बांधलेला, कुणा भावी लोकप्रतिनिधीच्या वाढदिवसाचा फलक मात्र जागचा हलला नाही.

शहराच्या भिंतीवर काय राहू द्यायचे आणि काय पुसायचे, हे कोणत्या कसोटीवर ठरावे, असा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात आहे. माझे म्हणणे असे की ही कसोटी भिंतीची असावी, अक्षराची नसावी. भिंत कुणाच्या मालकीची आहे, ती जुन्या घडीव दगडाची आहे की सिमेंटची, मालकाची संमती घेतली आहे की नाही, हे प्रश्न नगराच्या कारभाऱ्यांनी जरूर विचारावेत आणि त्यांची उत्तरे कठोरपणे वसूल करावीत. पण लिहिलेले वाचता येते का, ते देखणे आहे का, आपल्या संस्कृतीत बसते का आणि त्यातून नागरिकांना काही बोध होतो का, हे प्रश्न त्यांच्या अखत्यारीतले नाहीत. आज नेमके उलट घडते : भिंतीबद्दल कुणी काही विचारत नाही आणि अक्षराची मात्र झडती घेतली जाते.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. अक्षर स्पष्ट असावे, ऱ्हस्व-दीर्घ जागेवर असावे आणि वाचणाऱ्याला कोठेही ठेच लागू नये, यासाठीच माझी उमेद खर्ची पडली. अशा माणसाने न वाचता येणाऱ्या अक्षराची बाजू घ्यावी हे विचित्र वाटेल, आणि त्या अक्षराचा कर्ता योगायोगाने भेटला नसता तर मी ती घेतलीही नसती. आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमाचा फलक छापून घेण्यासाठी नारायण पेठेतील एका दुकानात गेलो असताना, संगणकावर बसलेल्या तरुणाच्या वहीवर तोच काटेरी शब्द दिसला. हा मुलगा दिवसभर तेथे वाढदिवसाचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे आणि भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स जुळवतो. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी वहीत, आणि जमेल तेव्हा भिंतीवर, अक्षरे काढतो. रंगाचे कॅन तो नाना पेठेतून, गाड्यांच्या रंगकामाचे सामान विकणाऱ्या दुकानांतून आणतो, कारण भिंतीवर लिहिणाऱ्यांसाठी बनवलेले परदेशी कॅन त्याला परवडत नाहीत. या स्वस्त कॅनची तोटी सुरुवातीला रंग थुंकते, म्हणून आधी पुठ्ठ्यावर दोन-तीन फवारे मारून मगच भिंतीकडे वळावे लागते. हेवी मेटल, म्हणजे जड गिटारींचे पाश्चात्त्य रॉक संगीत, त्याच्या आयुष्यात कानांवाटे आले नाही, डोळ्यांवाटे आले. फर्ग्युसन रस्त्यावर टांगलेल्या काळ्या टी-शर्टांवरची बँडांची नावे त्याला वाचता येईनात, आणि ज्याला स्वतःचे नाव असे लपवावेसे वाटते ते संगीत तरी कसे असेल, या कुतूहलाने त्याने ते ऐकायला घेतले.

‘खिळा’ हाच शब्द का, या माझ्या प्रश्नाला त्याने जे उत्तर दिले ते एखाद्या टंकरचनाकाराला शोभले असते. मेटलच्या लोगोंमध्ये पहिले आणि शेवटचे अक्षर एकमेकांची प्रतिबिंबे असावीत असा आग्रह असतो. ती दोन अक्षरे दोन खांबांसारखी खाली-वर वाढवतात आणि मधली अक्षरे त्यांच्यात गुंतवून टाकतात. रोमन लिपीत हे सहज जमते, कारण तिच्यातील कितीतरी मोठी अक्षरे मुळातच दोन्ही बाजूंनी सारखी असतात. देवनागरीचा दंड बहुतेक अक्षरांत उजवीकडे असतो, त्यामुळे शब्दाची उजवी बाजू बंदिस्त आणि डावी उघडी राहते. या अडचणीवर त्याला ऱ्हस्व वेलांटीत उपाय सापडला. ‘खिळा’ लिहिताना वेलांटीचा दंड अगदी डावीकडे येतो आणि कान्याचा दंड अगदी उजवीकडे. मध्ये ‘ख’चा स्वतःचा दंड आणि ‘ळ’ची दोन वर्तुळे. वेलांटीची कमान त्याने ‘ख’पुरती न ठेवता थेट कान्याच्या डोक्यापर्यंत नेली, दोन्ही टोकांचे दंड खाली खिळ्यासारखे अणकुचीदार केले, आणि मराठीचा जीव असलेला ‘ळ’ मधोमध अडकवून ठेवला. बाकी काहीही मोडले तरी शिरोरेषा तो मोडत नाही. ती गेली की अक्षर जाते आणि नुसते काटे उरतात, असे तो म्हणाला. तीस-पस्तीस वर्षे अक्षरे तपासूनही ‘ि’ आणि ‘ा’ हे दोन्ही दंड असे समोरासमोर उभे राहतात हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते, हे कबूल करतो.

आता वाचनीयतेचा आक्षेप. भिंतीवरचे वाचता येत नसेल तर ते लिखाणच नव्हे, ते डाग आहेत, असे अनेक सुजाण पुणेकर म्हणतात. परंतु अक्षराचे काम केवळ मजकूर पोहोचवणे एवढेच असते, असे आपण तरी कुठे मानत आलो? कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिरातींसाठी जी शीर्षके रेखाटली, त्यांत अक्षर स्वतःच अभिनय करीत असे. शब्दाचा अर्थ कळण्याआधी नाटकाची जात कळत असे. मेटलच्या लोगोचे काम त्याहून वेगळे नाही, फक्त तेथे अभिनय दार बंद करण्याचा असतो. बेल्जियममध्ये जन्मलेला ख्रिस्तोफ श्पायदेल हा या कलेतला सर्वांत नावाजलेला कारागीर. वनशास्त्र शिकलेल्या या माणसाने हजारो बँडांची नावे रेखाटली, आणि त्याच्या अक्षरांत मुळे, फांद्या आणि पारंब्या का दिसतात ते त्याच्या शिक्षणावरून उमगते. नॉर्वेच्या एम्परर या बँडचा प्रसिद्ध लोगो त्याच्याच हातचा. या लोगोंपैकी काही इतके दाट असतात की बँडचे नाव आधीच ठाऊक असल्याखेरीज ते वाचताच येत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला ते एका नजरेत ओळखू येते, आणि ज्याला नाही त्याला आपण बाहेरचे आहोत एवढे कळते.

हा आडपडदा आपल्याला नवा असायचे कारण नाही. मोडी लिपीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे लोंबती ठेवायची, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडून द्यायचा, आणि लिहिणाऱ्याच्या हाताचे वळण ओळखल्यावाचून वाचणाऱ्याला पुढे सरकता येऊ नये, अशी रीत होती. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, ठेवलेले आहेत आणि बहुसंख्य पुणेकरांना त्यांतील एक ओळही वाचता येत नाही. त्यांना कुणी डाग म्हणत नाही. तिकडे रस्त्यावर पाहावे तर ४१४१ या आकड्यांना पिळून ‘दादा’ आणि २१४ ला पिळून ‘राम’ करणारे वाहनमालक दंड भरतात, पण हौस सोडत नाहीत. अक्षर वाकवून त्यातून स्वतःचा रुबाब काढण्याची आवड या मातीत भरपूर आहे. ती कुणा तरुणाने बारा फुटांवर आणि जास्त कौशल्याने दाखवली की आपल्या भुवया का उंचावतात, हे मला उलगडत नाही.

दुसरा आक्षेप परकेपणाचा आहे, आणि तो जास्त जोराने घेतला जातो. हे संगीत आपले नाही, ही अक्षरे आपली नाहीत, काळे कपडे आणि कवट्या आपल्या नाहीत. आता हे संगीत कोठे जन्मले ते पाहू. ब्लॅक सॅबथ हा बँड १९६८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये उभा राहिला आणि त्याची पहिली तबकडी फेब्रुवारी १९७० मध्ये निघाली. बर्मिंगहॅम म्हणजे ओतशाळा, पत्र्याचे कारखाने आणि मोटारींच्या भागांचे शहर. त्या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होता, आणि तेथील यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायच्या त्या याच बोटांनी. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, वजनाला हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून, सूर उतरवून वाजवू लागला. हेवी मेटलच्या खर्जातल्या जड आवाजात या अपघाताचा वाटा मोठा आहे. ज्या शहराच्या उत्तरेला भोसरी आणि चाकण आहे, जेथे प्रेस शॉपमध्ये बोट गमावलेला एखादा तरी माणूस प्रत्येक चाळीत सापडतो, त्या शहराला ही गोष्ट परकी वाटावी? मला तर सदाशिव पेठेपेक्षा भोसरीलाच हे संगीत आधी कळायला हवे होते असे वाटते. आवाजाबद्दल तर बोलूच नये. लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशांची पथके एकापाठोपाठ एक उभी राहिली असताना जे शहर कानांत बोळे न घालता उभे राहते, त्याने गिटारच्या गोंगाटाची तक्रार करण्यात अर्थ नाही.

अक्षरांच्या परकेपणाबद्दल एक गंमत सांगण्याजोगी आहे. ब्लू ऑयस्टर कल्ट आणि त्यांच्या मागोमाग मोटरहेड या बँडांनी आपल्या नावातील ‘ओ’वर जर्मन लिपीतले दोन ठिपके दिले. उच्चाराशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. नाव दणकट दिसावे एवढाच हेतू. आपल्याकडे न उच्चारल्या जाणाऱ्या टिंबांवरून विद्वानांमध्ये कित्येक दशके रणे माजली, आणि १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी ती अनुच्चारित टिंबे हद्दपार केली, तेव्हा ‘भाषेचे रूप गेले’ म्हणून हळहळणारे थोडे नव्हते. ती टिंबे व्युत्पत्तीने आली होती आणि ते ठिपके नुसत्या ऐटीने, हा फरक मला मान्य आहे. पण कानाला न लागणारी खूण डोळ्याला हवीशी वाटू शकते, एवढे तरी मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये.

या परंपरेची एक काळी बाजू आहे आणि ती झाकून वकिली करणे मला पटत नाही. नॉर्वेतील ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्याच उग्र शाखेच्या ज्या वर्तुळात हे काटेरी लोगो फोफावले, त्यातल्या काही तरुणांनी नव्वदीच्या सुरुवातीला चर्चे जाळली, माणसेही मारली; बेर्गेनजवळचे फान्तोफ्टचे जुने लाकडी चर्च जून १९९२ मध्ये जळाले. तेव्हा या अक्षरांना पाहून कुणी दचकले तर त्याला अडाणी म्हणता येत नाही. मात्र अक्षराच्या आकाराला पाप चिकटते का, याचा इतिहास सावधपणे वाचावा लागतो. मेटलवाल्यांनी उचललेले टोकदार गॉथिक अक्षर पाहिले की आज अनेकांना हिटलरची जर्मनी आठवते. प्रत्यक्षात जानेवारी १९४१ मध्ये नाझी पक्षानेच एका परिपत्रकाने त्या अक्षराला ज्यूंचे अक्षर ठरवून सरकारी वापरातून बाद केले. जे अक्षर आधी अस्सल जर्मन म्हणून मिरवले, तेच एका आदेशाने शत्रूचे ठरले. आकार तोच होता. दत्तवाडीत राहणाऱ्या मुलाने देवनागरीच्या दंडाला टोक काढले, तर त्याचा हिशेब बेर्गेनच्या आगीशी जोडण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे.

भिंतीवर नाव लिहिण्याची आधुनिक रीत फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमधून जगभर गेली हे सर्वांना माहीत आहे. त्यात मेटलचा संबंध थोडा. मेटलच्या अक्षराने जर कोणत्या शहराचा चेहरा खरोखर बदलला असेल तर तो ब्राझीलमधील साओ पावलोचा. तेथे या लेखनाला पिशासाँव म्हणतात. शब्दाचे मूळ डांबर या अर्थाच्या शब्दात आहे, कारण पूर्वी राजकीय घोषणा डांबराने लिहिल्या जात. ऐंशीच्या दशकात तेथील गरीब उपनगरांतील मुलांनी हेवी मेटल आणि पंक बँडांच्या तबकड्यांच्या आवरणांवरची टोकदार अक्षरे पाहिली, त्यांतून स्वतःची एक वर्णमाला घडवली आणि रोलर व काळा रंग घेऊन ती मध्यवस्तीतल्या उंच इमारतींवर चढवली. अक्षराची उंची किती, तर खिडकीच्या कठड्यावर किंवा साथीदाराच्या खांद्यावर उभे राहून हात जेथवर पोहोचेल तेवढी. युरोपातल्या दगडांवरच्या प्राचीन खुणा आणि मध्ययुगीन पोथ्यांचे अक्षर इंग्लंड-अमेरिकेतल्या लोगोंत शिरले, तेथून ते दक्षिण अमेरिकेतल्या मजुरांच्या मुलांच्या हाती गेले आणि काँक्रीटवर अगदी वेगळेच काही होऊन उभे राहिले. अक्षराला पारपत्र लागत नाही, हे सिद्ध करण्यासाठी मला दुसरा पुरावा नको.

साओ पावलोचा पुढचा भाग आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. २००६ मध्ये त्या शहराने ‘स्वच्छ शहर’ या नावाचा कायदा केला आणि २००७ पासून रस्त्यांवरचे जाहिरातफलक सरसकट उतरवले. महाकाय फलकांमागे दडलेल्या भिंती पहिल्यांदा उघड्या पडल्या. पुढे २०११ मध्ये ब्राझीलच्या कायद्यात बदल झाला : मालकाच्या संमतीने आणि मालमत्तेचे मोल वाढवणारा कलाविष्कार म्हणून काढलेले भित्तिचित्र हा गुन्हा नाही, पिशासाँव मात्र गुन्हाच. २०१७ मध्ये एका नव्या महापौरांनी शहर सुंदर करण्याच्या मोहिमेत एका मोठ्या रस्त्यालगतची चित्रे राखाडी रंगाखाली घातली आणि त्यावरून मोठे वादंग माजले. या सगळ्यातून मी जे उचलतो ते असे. फलकांना आणि भिंतीवरील लिखाणाला एकाच तराजूत घालण्याचे धैर्य त्या शहराने दाखवले, ते आपण घ्यावे. २०११ च्या दुरुस्तीत दोन अटी आहेत, संमती आणि कलामूल्य. त्यांतली पहिली घ्यावी आणि दुसरी सोडावी. कलामूल्य ठरवायला बसलेला अधिकारी राखाडी रंगाचा डबा घेऊनच बसलेला असतो.

आपल्याकडे कायद्याची वाण नाही. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा अधिनियम आहे, आणि सार्वजनिक नजरेस पडणारी जागा परवानगीवाचून विद्रूप करणे हा त्यानुसार दंडनीय अपराध आहे. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिले. हे फलक केवळ डोळ्यांना खुपतात असेही नाही. पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात ऑक्टोबर २०१८ मध्ये फलकाचा लोखंडी सांगाडा कोसळून चार माणसे गेली, एप्रिल २०२३ मध्ये किवळ्याला पाच गेली, आणि मे २०२४ मध्ये घाटकोपरला सतरा. भिंतीवरच्या अक्षराखाली चिरडून कुणी मेल्याचे ऐकिवात नाही. तरीही आपल्या नजरेचा सराव असा झाला आहे की चौकातला वीस फुटी चेहरा आपल्याला हवामानासारखा वाटतो, आणि पुलाखालचे एक अक्षर गुन्ह्यासारखे.

त्या मुलाची स्थिती या विसंगतीचे जिवंत उदाहरण आहे. दिवसा तो ज्या फलकांवर नावे जुळवतो, त्यांपैकी किती परवानगी घेऊन लागतात हे त्याच्या दुकानात कुणी विचारत नाही. तेथे तो अक्षराला सोनेरी कडा देतो, सावली देतो, मागे वाघ किंवा सूर्य बसवतो आणि महिनाअखेर पगार घेतो. रात्री त्याच हाताने, स्वतःच्या खर्चाने, कुणाचाही वाढदिवस नसताना एक शब्द लिहितो, तेव्हा तो विद्रूपीकरण करणारा ठरतो. पहिल्या कामामागे कुणाचे तरी वजन असते, दुसऱ्यामागे कुणाचेच नसते. आपली सौंदर्यदृष्टी बऱ्याचदा या वजनाचाच काटा असते, अशी शंका मला येते.

एवढे म्हटल्यावर, ज्या ठिकाणी माझे त्या मुलाशी पटत नाही तेही सांगितले पाहिजे. संमतीने लिहिलेले अक्षर मेलेले असते, असे त्याचे मत आहे. रात्रीची भीती, कुत्र्यांचे भुंकणे, गस्तीच्या गाडीचा दिवा, या सगळ्यामुळे रेषेला जो ताण येतो तो दिवसाउजेडी परवाना खिशात ठेवून येत नाही, असे तो म्हणतो. असेलही. पण माझ्या घराच्या भिंतीवर कुणी मला न विचारता लिहावे हे मला चालणार नाही, आणि मला जे चालत नाही ते दुसऱ्याच्या दारात चालवून घ्यावे असे मी म्हणू शकत नाही. दगडाच्या बाबतीत तर मी तसूभरही हटणार नाही. सिंहगडावरच्या चिऱ्यांवर कोरलेली प्रेमिकांची नावे, जुन्या वाड्यांच्या जोत्यांवर मारलेले फवारे, यांची भरपाई होत नाही. बेसॉल्ट कितीही कठीण असला तरी रंग त्याच्या सूक्ष्म छिद्रांत उतरतो, आणि तो काढायला वापरलेले द्रावक आणि तारेचे ब्रश दगडाची त्वचा सोलून नेतात. हे त्याला समजावण्याची गरज पडली नाही, हे मुद्दाम नोंदवतो. देऊळ, मशीद, स्मारक, राहते घर आणि जुना दगड यांना हात लावायचा नाही, हा त्याच्या मंडळींचा स्वतःचाच नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याला ती मंडळी आपल्यात घेत नाहीत. फलक बांधण्यासाठी झाडाच्या बुंध्यात खिळे ठोकणाऱ्यांचा असा एखादा नियम असल्याचे मला माहीत नाही.

मग करायचे काय? ‘सुशोभीकरण’ हे उत्तर आहे असे सांगितले जाते. उड्डाणपुलांच्या खांबांवर वारली नृत्य, पाणी वाचवा, मुलगी शिकवा, एखादा किल्ला, एखादा मावळा. हेतू चांगला, रंग ताजे, आणि महिन्याभरात ते कुणाच्याही नजरेला दिसेनासे होते, कारण त्यात वाचायला अडकावे असे काही नसते. या चित्रांना माझा विरोध नाही. मात्र भिंतीने सतत उपदेशच करावा, या अपेक्षेला आहे. ज्या गावात पाटी लिहिणाऱ्याने ग्राहकाचा अपमान करण्यातही शब्दलाघव शोधले, त्या गावाच्या भिंती इतक्या सोज्वळ का झाल्या?

व्हिएन्नाने एक साधी व्यवस्था केली आहे. तेथे ठरावीक भिंती कुणालाही लिहिण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या ओळखू याव्यात म्हणून त्यांवर कबुतराची एक छोटी खूण बसवलेली असते. निवड समिती नसते. एकाने लिहिलेल्यावर दुसरा लिहितो, त्यामुळे चांगल्या हाताचे काम थोडे अधिक टिकते आणि वाईट हाताचे दुसऱ्या दिवशी जाते. पुण्यात अशा दहा-बारा भिंती सहज निघतील : नदीपात्रालगतची काँक्रीटची संरक्षक भिंत, उड्डाणपुलांखालचे कोरे गाळे, भोसरीतल्या बंद कारखान्यांच्या कुंपणभिंती, मालक तयार असतील तेथे. अटी दोनच असाव्यात. कुणाचे नाव घेऊन शिवीगाळ किंवा कोणत्याही समाजाविरुद्ध चिथावणी नको, आणि जाहिरात नको. वाढदिवसही जाहिरातीतच मोडावा. विषय सुचवू नये, स्पर्धा ठेवू नये, उद्घाटनाची फीत तर मुळीच नको. या शहरात फीत आली की तिच्यामागून फ्लेक्स येतो. आणि अशा भिंतीव्यतिरिक्त कोठे लिहिले तर जो नियम खिळ्याला, तोच शुभेच्छुकाला लावावा, त्याच दिवशी, त्याच माणसांकडून.

दहा-बारा भिंतींनी हौस भागणार नाही आणि चोरून लिहिणे थांबणार नाही, असा प्रतिवाद होईल, आणि तो खरा आहे. थांबणार नाहीच. पण आज सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला देवनागरीत मोठे अक्षर काढून पाहायचे असेल तर त्याच्यासमोर दोनच वाटा आहेत : संगणकावर तयार टंक निवडणे, किंवा गुन्हा करणे. हाताने फलक रंगवणारे पेंटर फ्लेक्सने घालवले, आणि त्यांच्याबरोबर भिंतीच्या मापाचे अक्षर शिकण्याची उमेदवारीही गेली. बारा फुटी शब्दातल्या ‘ळ’ची दोन वर्तुळे सारखी यावीत म्हणून खांद्यातून हात कसा फिरवायचा, हे कित्त्यावर शिकता येत नाही. ते शिकवणारी शाळा आज कुठे असेल तर या मुलांच्या टोळक्यात आहे, आणि तिला छप्पर नको, फक्त एक भिंत हवी.

हे सगळे मी त्याला वाचून दाखवले, तेव्हा दहा-बारा भिंतींचा हिशेब त्याला फारसा रुचला नाही. द्यायचीच असेल तर नदीपात्रातली ती जुनीच भिंत द्या, असे तो म्हणाला. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल बुडतो, रस्ता बंद होतो आणि पाणी त्या भिंतीला लागते. ओसरल्यावर खालच्या तीन-चार फुटांवर गाळाचा थर बसलेला असतो, तो खरवडून दरवर्षी नव्याने पट्टा मारावाच लागतो. खाली ओढलेली खिळ्यांची टोके दर पावसाळ्यात गाळाखाली जाणार आणि दर दिवाळीला पुन्हा काढावी लागणार, हे त्याने आधीच धरून ठेवले होते. वहीत त्या उंचीवर त्याने पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली होती, शिरोरेषेला समांतर.